अपराजित पहिला मोसम : क्वाड सिटीच्या 'स्टीमव्हीलर्स'ची कहाणी

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मोलीन या शहरातील बंदिस्त क्रीडागृहात ऑगस्ट २००० मध्ये एका नव्या फुटबॉल लीगचा अंतिम सामना रंगला. यजमान 'क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स' संघाने 'टेनेसी व्हॅली व्हायपर्स'चा ६८-५९ असा पराभव केला आणि पहिला 'एरिनाकप' पटकावला. संघाचा तो पहिलाच मोसम होता, आणि ज्या लीगमध्ये तो खेळत होता तिचाही. साखळीतील सोळा आणि बाद फेरीतील तीन, असे एकोणीस सामने हा संघ खेळला व एकोणीसही जिंकला.

अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमध्ये संपूर्ण मोसम अपराजित राहणे किती दुर्मीळ आहे, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. सर्वोच्च दर्जाच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे 'एनएफएल'मध्ये, १९७२ च्या मोसमात 'मायामी डॉल्फिन्स'ने सर्व सतरा सामने जिंकले. 'न्यू इंग्लंड पेट्रियट्स'ने २००७ च्या मोसमात साखळीतील सोळाही सामने जिंकले. मात्र फेब्रुवारी २००८ मधील 'सुपर बोल' या अंतिम लढतीत 'न्यूयॉर्क जायंट्स'ने त्यांना १४-१७ असे नमविले. डॉल्फिन्सचे नाव अमेरिकेतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. स्टीमव्हीलर्सचे नाव क्वाड सिटीबाहेर फारसे कोणी घेत नाही. त्यांच्या लीगमधील खेळाडूंना एका सामन्याचे मानधन साधारण दोनशे डॉलर मिळे. दहा मोसमांनंतर हा संघ उरला नाही आणि त्याची लीगही उरली नाही.

मैदानावर एकदाही न हरलेला संघ अखेर कोणत्या हिशेबात हरला, याचे उत्तर या पहिल्या मोसमाच्या मागेपुढे घडलेल्या घटनांत दडलेले आहे.

नदीकाठची पाच शहरे

'क्वाड सिटीज' म्हणजे चार शहरे, असा नावाचा अर्थ असला तरी प्रत्यक्षात ती पाच आहेत. मिसिसिपीच्या एका तीरावर आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट व बेटनडॉर्फ, तर दुसऱ्या तीरावर इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड, मोलीन व ईस्ट मोलीन. या साऱ्या परिसराची लोकसंख्या २००० च्या सुमारास साडेतीन लाखांच्या आसपास होती. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी या भागात काही अंतर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. एकेकाळी या प्रवाहातून मोठाली चाके फिरवीत वाफेच्या बोटी जात. संघाला 'स्टीमव्हीलर्स' हे नाव मिळाले, त्यामागे याच बोटींची आठवण आहे.

शेतीची अवजारे ही या परिसराची खरी ओळख. पोलादी नांगराने नाव मिळविलेले जॉन डिअर १८४८ मध्ये मोलीनला आले आणि त्यांच्या कंपनीचे मुख्यालय आजही तेथेच आहे. इतर मोठ्या कंपन्यांचेही कारखाने या भागात उभे राहिले. मात्र १९८० च्या दशकात अमेरिकी शेती कर्जाच्या गर्तेत सापडली, यंत्रांची मागणी घसरली आणि त्याचा तडाखा या शहरांना बसला. रॉक आयलंडमधील 'फार्मऑल' ट्रॅक्टरच्या प्रसिद्ध कारखान्यातून १९८५ मध्ये शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याच दशकाच्या अखेरीस डॅव्हनपोर्टमधील 'कॅटरपिलर'चा कारखानाही बंद झाला. मुंबईतील गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर गिरणगावात काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शहरांवरील आघाताचे स्वरूप वेगळे सांगावे लागणार नाही.

या पडझडीनंतर शहरांना पुन्हा उभे करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत १९९३ मध्ये मोलीनच्या नदीकाठी उघडलेल्या 'द मार्क ऑफ द क्वाड सिटीज' या भव्य क्रीडागृहाचा समावेश होतो. संगीताचे जलसे, बर्फावरील हॉकी आणि बास्केटबॉल यांसाठी ते बांधले गेले. पुढे स्टीमव्हीलर्सचे घर तेच झाले.

क्रीडाक्षेत्रातही या परिसराला मोठे संघ गमावण्याचा जुना अनुभव होता. आजच्या एनएफएलची मूळ संघटना १९२० मध्ये स्थापन झाली, तेव्हा 'रॉक आयलंड इंडिपेंडंट्स' हा संघ तिच्यात होता. २६ सप्टेंबर १९२० रोजी रॉक आयलंडच्या डग्लस पार्कवर या संघाने सेंट पॉलच्या संघाला ४८-० असे हरविले. एनएफएलच्या इतिहासातील पहिला सामना म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी जिम थॉर्प हेही काही काळ या संघातून खेळले. परंतु फुटबॉलचा व्यवसाय मोठ्या महानगरांकडे सरकला आणि १९२६ च्या मोसमानंतर हा संघ संपला.

बास्केटबॉलमध्येही तेच घडले. 'ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्स' हा संघ १९४६ पासून मोलीनमध्ये खेळत होता आणि १९४९ मध्ये तो 'एनबीए'त दाखल झाला. १९५१ मध्ये तो मिलवॉकीला गेला. पुढे सेंट लुईस आणि अखेर अटलांटा असा त्याचा प्रवास झाला. आजचा 'अटलांटा हॉक्स' तो हाच. एनएफएल आणि एनबीए या दोन्ही लीग ज्या भूमीवर रांगल्या, तिला नंतरच्या काळात त्यांचे सामने दूरचित्रवाणीवर पाहण्यावरच समाधान मानावे लागले. २००० मध्ये आलेल्या फुटबॉल संघाचे स्वागत करणारे शहर हे असे होते.

पाकिटावर जन्मलेला खेळ

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळला जाणारा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी फुटबॉल निराळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा सहकाऱ्याकडे फेकत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यावयाचा, हे त्याचे सूत्र. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकता आले, तर चेंडू आपल्याकडे राहतो. शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाऊन' होतो व सहा गुण मिळतात. त्यासाठी शंभर यार्ड लांबीचे मैदान लागते आणि प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात.

हाच खेळ छताखाली आणण्याची कल्पना जिम फॉस्टर यांची. आयोवा विद्यापीठातून शिकलेले फॉस्टर १९८१ मध्ये एनएफएलच्या व्यापारी विभागात काम करीत होते. त्या वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त सॉकरचा सामना पाहताना त्यांच्या मनात विचार आला की, हॉकीच्या मैदानाएवढ्या जागेत सॉकर खेळता येतो, तर अमेरिकी फुटबॉल का नाही? हातातील पाकिटावर त्यांनी मैदानाची आकृती काढली. १९८६ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे चाचणी सामना झाला. १९८७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हर, पिट्सबर्ग, शिकागो व वॉशिंग्टन या चार शहरांच्या संघांसह 'एरिना फुटबॉल लीग' सुरू झाली.

फॉस्टर यांनी मैदान निम्म्यावर आणले. त्याची लांबी ५० यार्ड आणि रुंदी ८५ फूट. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. म्हणजे या मैदानाची रुंदी खेळपट्टीहून सहा यार्डांनीच अधिक. प्रत्येक बाजूला आठ खेळाडू. कडेला साधी रेषा नसून कमरेच्या उंचीचा गादी लावलेला कठडा असतो. त्यावर आदळून खेळाडू अनेकदा थेट पहिल्या रांगेतील प्रेक्षकांच्या अंगावर पडतात. गोलखांबांतील अंतर अवघे नऊ फूट. त्या खांबांच्या दोन्ही बाजूंना उंच ताणलेल्या जाळ्या असतात. जाळीवर आदळून परतलेला चेंडू झेलला, तर खेळ पुढे चालू राहतो. चौथ्या प्रयत्नात चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्याची मुभा येथे नाही.

त्या काळच्या नियमांनुसार बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव अशी दोन्ही कामे करावी लागत. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, किकर आणि मोजके विशेष खेळाडू यांनाच त्यातून सूट असे. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्या खेळाडूला परत आल्यावर पकडीसाठी साखळीत उभे राहावे लागते, तसाच हा प्रकार. त्यामुळे छोट्या जागेत धावांची व फेकींची अखंड धुमश्चक्री चालते आणि गुणफलक धावत राहतो. जानेवारी २००० मधील सुपर बोलमध्ये दोन्ही संघांचे मिळून ३९ गुण झाले होते; मोलीनच्या अंतिम सामन्यात १२७ झाले.

परतीच्या जाळ्यांसह या खेळाच्या पद्धतीचे पेटंट फॉस्टर यांना १९९० मध्ये मिळाले. परिणामी इतरांनी सुरू केलेल्या बंदिस्त फुटबॉलच्या लीगना जाळ्या वापरता येत नसत. २००७ मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत ही स्थिती राहिली.

वॉर्नर यांची कहाणी आणि धाकटी लीग

१९९० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या शहरांत बंदिस्त फुटबॉलच्या स्वतंत्र लीग उगवू लागल्या. एरिना लीगचे संघ मुख्यतः मोठ्या शहरांत होते. मधल्या आकाराची शहरे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाऊ नयेत आणि होतकरू खेळाडू, प्रशिक्षक व पंच तयार व्हावेत, या दुहेरी हेतूने तिने धाकटी लीग काढण्याचे ठरविले. तिचे नाव 'एएफ-२'. २००० मध्ये पंधरा संघांसह तिचा पहिला मोसम सुरू झाला.

ही वेळ नेमकी जुळून आली होती. याचे कारण कर्ट वॉर्नर. आयोवाच्या या क्वार्टरबॅकला १९९४ मध्ये 'ग्रीन बे पॅकर्स'ने सराव शिबिरातूनच घरी पाठविले होते. त्यानंतर सीडर फॉल्स येथील किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचे काम त्यांनी केले. तासाला साडेपाच डॉलर मजुरी मिळत असे. १९९५ मध्ये ते डी मॉइनच्या 'आयोवा बार्नस्टॉर्मर्स' या एरिना संघात आले व तीन मोसम खेळले. बार्नस्टॉर्मर्सचे संस्थापक होते जिम फॉस्टर. पुढे वॉर्नर यांना 'सेंट लुईस रॅम्स'मध्ये जागा मिळाली. ३० जानेवारी २००० रोजी त्यांनी ४१४ यार्डांच्या यशस्वी फेकी करून रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला. त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूही तेच ठरले.

दुकानातील कामगार पाच-सहा वर्षांत जगज्जेता होतो, ही कहाणी त्या वर्षी अमेरिकेतील घराघरांत पोहोचली होती. त्यानंतर दोनेक महिन्यांतच एएफ-२ चे सामने सुरू झाले. नव्या लीगसाठी याहून मोठी जाहिरात संभवत नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण संपलेल्या, एनएफएलने न निवडलेल्या शेकडो तरुणांपुढे आता एक नाव होते. डी मॉइनपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या क्वाड सिटीजमध्ये तर वॉर्नर हा जवळजवळ घरचाच माणूस. त्यातच क्वाड सिटीच्या नव्या संघाचे मालकही फॉस्टर हेच होते. ज्याने खेळ शोधला, त्यानेच धाकट्या लीगमध्ये संघ उतरविला, असा हा योग होता.

एकोणीस सामने, एकोणीस विजय

पहिल्या मोसमातील संघांची यादी पाहिली, तर क्वाड सिटीचे वेगळेपण लगेच जाणवते. ऑगस्टा, बर्मिंगहॅम, चार्ल्सटन, ग्रीन्सबरो, जॅक्सनव्हिल, पेन्साकोला, टॅलाहासी, रिचमंड, रोआनोक, नॉरफोक, तल्सा अशी बहुतेक नावे दक्षिणेकडील राज्यांची होती. उत्तरेकडील मध्य-पश्चिम पट्ट्यातील क्वाड सिटी हा एकटाच. फ्लोरिडातील सामन्यासाठी हजार मैलांच्या आसपासचा पल्ला गाठावा लागे. अशा वेळापत्रकात सोळापैकी आठ सामने परगावी खेळायचे आणि त्यांपैकी एकही हरायचा नाही, ही साधी गोष्ट नव्हती.

संघाची सूत्रे फ्रँक हेगी या प्रशिक्षकांकडे होती. बंदिस्त फुटबॉलमध्ये पहिल्या मोसमाच्या संघाला एक मोठी अडचण असते. खेळाडूंनी आयुष्यभर शंभर यार्डांच्या मैदानावर सराव केलेला असतो. पन्नास यार्डांवर चेंडू किती लवकर हातातून सुटला पाहिजे, जाळीवरून परतणारा चेंडू कोठे पडेल, कठड्याजवळ अंग कसे सावरावे, हे सारे नव्याने शिकावे लागते. पंधराही संघ नवे असल्याने ही अडचण सर्वांना सारखीच होती. जो लवकर शिकेल तो पुढे जाईल, अशी ती शर्यत होती. या खेळाची पुरती जाण असलेला मालक पाठीशी असणे, हा क्वाड सिटीचा लाभ होता.

या खेळात अपराजित राहणे अवघड असण्याचे आणखी एक कारण त्याच्या रचनेत आहे. मोठ्या मैदानावर भक्कम बचाव करणारा संघ आघाडी घेतल्यावर वेळ काढून सामना वाचवू शकतो. बंदिस्त मैदानात तशी सोय नाही. प्रत्येक संघ जवळपास प्रत्येक वेळी गुण मिळवितो; एखादी चुकलेली फेक किंवा हातातून निसटलेला एखादा चेंडू सामना फिरवू शकतो. अंतिम सामन्यात ६८ गुण करूनही स्टीमव्हीलर्सचे मताधिक्य अवघे नऊ गुणांचे राहिले. अशा एकोणीस लढतींत एकही घसरगुंडी होऊ न देणे, हे या संघाचे खरे कर्तृत्व होय.

सर्वोत्तम कामगिरीमुळे अंतिम सामन्याचे यजमानपद मोलीनलाच मिळाले. नऊ हजारांहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या 'द मार्क'मध्ये व्हायपर्सशी गाठ पडली. हा प्रतिस्पर्धी संघ अलाबामा राज्यातील हंट्सव्हिलचा. दोन्ही बाजूंनी गुणांची बरसात झाली आणि विजयानंतर पाच शहरांच्या या परिसराला बऱ्याच काळाने आपला म्हणावा असा व्यावसायिक फुटबॉलचा विजेता लाभला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, स्टीमव्हीलर्सने 'रिचमंड स्पीड'वर ५५-५१ अशी मात करून एरिनाकप राखला. पहिले दोन्ही करंडक अशा रीतीने मोलीनमध्येच राहिले.

दोनशे डॉलरचा फुटबॉलपटू

करंडकाच्या झळाळीमागे खेळाडूंचे जगणे कसे होते? एएफ-२ मध्ये सर्वसाधारण मानधन सामन्याला दोनशे डॉलर होते आणि विजय मिळाल्यास पन्नास डॉलर जादा. मोसमात राहण्याची सोय संघाकडून होई. या हिशेबाने पाहिले, तर सर्व एकोणीस सामने खेळून जिंकणाऱ्या खेळाडूच्या हाती पाच हजार डॉलरही पडत नसत. मोसम वसंतापासून ऑगस्टपर्यंत चाले. उरलेल्या महिन्यांत पोटापाण्यासाठी दुसरे काम शोधणे भागच असे.

मग ही मंडळी खेळत कशासाठी? एक उत्तर वॉर्नर हे होते. दुसरे उदाहरण पुढे फ्रेड जॅक्सन यांनी घालून दिले. आयोवातील कोई महाविद्यालयाच्या या खेळाडूला एनएफएलने निवडले नव्हते. त्यांनी 'सू सिटी बँडिट्स' या आयोवातील बंदिस्त फुटबॉल संघाकडून अशाच तुटपुंज्या मानधनावर दोन मोसम काढले. पुढे 'बफेलो बिल्स'मध्ये प्रवेश मिळवून २००९ च्या मोसमात त्यांनी हजारांहून अधिक यार्ड धावण्याचा पल्ला गाठला. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला दोन-तीन मोसम, काही दुखापती आणि गावातील ओळख एवढेच आले.

प्रशिक्षकांसाठी मात्र ही शिडी अधिक भरवशाची ठरली. हेगी यांना पुढे मोठ्या एरिना लीगमध्ये 'ग्लॅडिएटर्स' संघाचे प्रशिक्षकपद मिळाले आणि त्यानंतर मिनीॲपोलिसच्या ऑग्जबर्ग महाविद्यालयाचा फुटबॉल संघ त्यांच्या हाती आला.

येथे दुय्यम लीगचा एक स्वभावच उघड होतो. अपराजित संघातील उत्तम खेळाडू व प्रशिक्षक वरच्या लीगला हवे असतात. संघ मात्र जागच्या जागी राहतो. क्रिकेटमध्ये रणजी करंडक जिंकलेल्या संघाचे मोहरे भारतीय संघात गेले, तरी त्या संघाचे स्थान अबाधित असते, कारण त्यामागे संघटना उभी असते. अमेरिकेतील धाकट्या लीगचा संघ हा स्वतंत्र व्यवसाय असतो. क्रीडागृहाचे भाडे, प्रवास, विमा आणि मानधन हा सारा खर्च तिकीटविक्री व स्थानिक जाहिरातदार यांतून भागवावा लागतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे घसघशीत उत्पन्न त्याच्या नशिबी नसते. करंडक जिंकल्याने खर्च कमी होत नाही.

वाढ, घसरण आणि अखेर

पहिल्या मोसमाच्या यशाने लीगचा हुरूप वाढला. २००१ मध्ये संघांची संख्या पंधरावरून अठ्ठावीसवर आणि २००२ मध्ये चौतीसवर गेली. इलिनॉयमधीलच पिओरियाचा संघ २००२ मध्ये विजेता ठरला. पण ही वाढ पचली नाही. प्रवेशशुल्क भरून आलेले अनेक संघ एक-दोन मोसमांतच गाशा गुंडाळीत. पहिल्या वर्षीच्या पंधरा संघांपैकी २००९ च्या मोसमापर्यंत जेमतेम एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरले. क्वाड सिटी त्यांपैकी एक होता. संघाचे स्थैर्य ही स्टीमव्हीलर्सची दुसरी, फारशी न सांगितली गेलेली कामगिरी म्हणावी लागेल.

शेवटचा घाव वरून आला. आर्थिक अडचणीत सापडलेल्या मोठ्या एरिना लीगने डिसेंबर २००८ मध्ये आपला २००९ चा मोसम रद्द केला. एएफ-२ ने मात्र तो मोसम खेळून पूर्ण केला. थोरली लीग थांबलेली आणि धाकटी चालू, असे विचित्र दृश्य त्या उन्हाळ्यात दिसले. परंतु धाकट्या लीगची निम्म्याहून किंचित अधिक मालकी थोरलीकडेच होती. २००९ च्या ऑगस्टमध्ये थोरली लीग दिवाळखोरीत गेली, तेव्हा पुढील मोसमाची हमी देण्यास संघ पुढे आले नाहीत आणि एएफ-२ विसर्जित झाली.

तिच्यातील काही संघांनी एकत्र येऊन २०१० मध्ये एरिना फुटबॉल नव्याने उभा केला. त्यात तल्सा होता. पहिल्या एरिनाकपमधील पराभूत संघ, टेनेसी व्हॅली व्हायपर्स, हाही 'अलाबामा व्हायपर्स' या नव्या नावाने त्यात सामील झाला. ज्याने त्यांना हरविले होते, तो क्वाड सिटीचा संघ मात्र २००९ नंतर बंद पडला. नव्याने उभी राहिलेली एरिना लीगही २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पुन्हा तेच नाव

रॉक आयलंड इंडिपेंडंट्स परतले नाहीत, ब्लॅकहॉक्सही परतले नाहीत. स्टीमव्हीलर्स मात्र परतले. २०१८ मध्ये त्याच नावाचा नवा संघ 'चॅम्पियन्स इनडोअर फुटबॉल' या लीगमध्ये उतरला आणि २०१९ पासून तो 'इंडोअर फुटबॉल लीग'मध्ये गेला. मालक, खेळाडू आणि लीग सारे वेगळे; नाव व क्रीडागृह तेवढे जुने. नव्या संघाने जुन्याचे नाव घेतले, यातच त्या पहिल्या मोसमाची शिल्लक किती होती हे दिसून येते. छोट्या शहरात नव्या संघाला प्रेक्षक जमविताना सर्वांत अवघड काम असते ते ओळख निर्माण करण्याचे, आणि येथे ती आधीच तयार होती.

क्रीडागृहाच्या नावाचा प्रवासही असाच झाला. प्रायोजक बदलत गेले, तशा दारावरील पाट्या बदलल्या. २००७ मध्ये 'आयवायरलेस सेंटर' आणि २०१७ मध्ये 'टॅक्सस्लेअर सेंटर' अशी नावे आली. २०२२ मध्ये नवा प्रायोजक आला, तेव्हा मात्र लोकांच्या तोंडी रुळलेला जुना शब्द पाटीवर परत घेण्यात आला. एकोणीस विजयांचा मोसम ज्या छताखाली पूर्ण झाला, त्या वास्तूचे नाव आता 'व्हायब्रंट एरिना ॲट द मार्क' असे आहे.